घोटा मुरगळलाय, हंगाम दहा आठवड्यांवर: गोव्यात राहून कोर्टवर परतताना

रीबाउंडसाठी उडी घेतली, खाली येताना पाय दुसऱ्याच्या बुटावर पडला आणि तळवा आत वळला. बास्केटबॉलमधले बरेचसे घोटे असेच मुरगळतात. घोट्याच्या बाहेरच्या हाडापासून पुढे जाणारं लिगामेंट आधी ताणतं, जोर जास्त असेल तर खाली टाचेकडे जाणारंही. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, चालताना दुखत नाही, म्हणून खेळाडू कोर्टवर उतरतो आणि तिथेच फसतो. दुखणं थांबलं तरी पोटरीची ताकद, घोट्याचं वाकणं आणि तोल हे तिन्ही अजून मागेच असतात. म्हणून खालची आखणी तारखांवर कमी आणि मोजमापांवर जास्त बसवली आहे. त्यासाठी शिलाईची टेप, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि एक वही लागेल.

हंगामाचं शिबिर १ ऑक्टोबरला धरलं तर दहा आठवडे मागे २३ जुलै येते. गोव्यात तेव्हा मैदानं ओली, ट्रॉलर ३१ जुलैपर्यंत बंद, पुढे श्रावण, मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. या सगळ्याचा घोट्याशी संबंध आहे. तो त्या-त्या ठिकाणी येईल.

आधी हाड बघा

एक्स-रे लागेल का, हे ठरवायला डॉक्टर ओटावा नियम वापरतात. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडाच्या मागच्या कडेला, टोकापासून वर ६ सेंटीमीटरपर्यंत, बोटाने दाबल्यावर हाडच दुखतं का? करंगळीच्या रेषेत, पायाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावर जो उंचवटा लागतो तिथे दुखतं का? आतल्या बाजूला कमानीच्या माथ्यावरच्या हाडावर दुखतं का? दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता येत नाहीत का? यातलं एक जरी ‘हो’ असेल तर एक्स-रे काढायचा. त्यासाठी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला किंवा जवळच्या जिल्हा रुग्णालयात जा, पण त्याच दिवशी जा.

दुसरी शंका वरच्या जोडाची. पोटरीच्या मध्यावर नडगीची दोन हाडं दोन्ही हातांनी एकमेकांकडे दाबा. कळ खाली घोट्याच्या वर उठली, किंवा पाऊल बाहेर वळवल्यावर तिथे दुखलं, तर दोन हाडांना बांधणारा सांधा दुखावलेला असू शकतो. असा घोटा साध्या मुरगळण्यापेक्षा बराच जास्त वेळ घेतो आणि त्याची आखणी ऑर्थोपेडिक डॉक्टरनेच करायची. पुढचं सगळं साध्या, बाहेरच्या बाजूच्या मुरगळण्यासाठी आहे. हलकी असेल तर एक-दोन आठवडे, मधली तीन ते सहा, लिगामेंट पूर्ण तुटलं असेल तर आठ ते बारा. दहा आठवडे हातात असताना मधल्या दुखापतीला घाई करायचं काहीच कारण नाही.

पहिले पाच दिवस

बोटांपासून सुरुवात करून वर नडगीच्या मध्यापर्यंत क्रेप बँडेज बांधा, खाली घट्ट आणि वर थोडं सैल. बोटाचं नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. झालं नाही तर सोडून परत बांधा. पाय हृदयापेक्षा उंच ठेवायचा, म्हणजे आडवं पडून खाली तीन उशा. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवला तर फारसा उपयोग होत नाही. बर्फ पातळ कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, दुखणं कमी करण्यापुरता.

लंगडत चालू नका. कुबड्या घ्या, आणि दोन घ्या. एका कुबडीने माणूस कलून चालतो. न लंगडता चालता येऊ लागलं की त्या ठेवून द्या.

घरात कोणीतरी आंबेहळद उगाळेलच. गार लेपाने बिघडत काही नाही. मात्र गरम लेप, शेक आणि जोराचं मालीश पहिल्या दिवसांत टाळा; आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. ‘शीर बसवतो’ म्हणून पाय झटकून ओढणाऱ्यांपासूनही पाय लांब ठेवा.

गोळ्यांच्या बाबतीत व्यावसायिक खेळाडूची अडचण वेगळी. पॅरासिटामॉल चालतं. पण आपल्याकडे पॅरासिटामॉलबरोबर ट्रॅमाडॉल मिसळलेल्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात, आणि १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धाकाळात ट्रॅमाडॉलवर बंदी आहे. स्टेरॉइडचं इंजेक्शन, अगदी सांध्यात दिलेलंसुद्धा, स्पर्धाकाळात २०२२ पासून बंद आहे. शरीरातून जायला औषधाला दिवस लागतात, त्यामुळे सप्टेंबरात घेतलेलं इंजेक्शन ऑक्टोबरात अंगाशी येऊ शकतं. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की तुमची डोपिंग चाचणी होते, आणि प्रत्येक चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, झेपेल तेवढं, पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी काढा. दिवसातून चार वेळा पुरे.

वाकणं: भिंतीजवळची टेप

साधारण दुसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी एक चाचणी. जमिनीवर भिंतीला काटकोनात टेप चिकटवा. अंगठा टेपवर, टाच जमिनीवर, गुडघा सरळ पुढे नेऊन भिंतीला टेकवा. टाच न उचलता गुडघा टेकतो तिथवर पाऊल मागे सरकवत जा आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर लिहा. चांगल्या पायाचंही लिहा. बऱ्याच खेळाडूंचं हे अंतर १० सेंटीमीटरच्या आसपास असतं. काहींचं कमी असलं तर चालतं, दोन पायांतला फरक मात्र २ सेंटीमीटरच्या आत आणायचा. गुडघा आत, अंगठ्याकडे पडला तर आकडा खोटा येतो. तो दुसऱ्या बोटाच्या रेषेतच ठेवा.

हे एवढं का जपायचं? डिफेन्सला गुडघ्यात वाकून उभं राहताना आणि उडीतून उतरताना घोटा पुढे वाकला नाही तर शरीर दुसरी वाट काढतं. पाऊल बाहेर वळतं, टाच लवकर उचलते आणि धक्का गुडघ्याच्या वाटीखाली जातो. घोट्यातून उठलेला खेळाडू दोन महिन्यांनी गुडघा धरून बसतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

अंतर वाढवायला हीच हालचाल व्यायाम म्हणून करा: दोन सेकंद टेकवून परत, १० वेळा, तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा. सोबत रबर बँडने पाऊल बाहेरच्या बाजूला ढकलणं, १५ वेळा, तीन फेऱ्या. यात गुडघा फिरवून चोरी होते, म्हणून मांडी हाताने धरून ठेवा. दोन्ही पायांवर टाचा उचलणं. एका पायावर ३० सेकंद उभं राहणं, चार वेळा. जमलं की डोळे मिटून, बाजूला टेबल ठेवून.

बाकीचं शरीर थांबवू नका. चांगल्या पायाचा जिम सुरूच ठेवा. त्याचा थोडा फायदा दुखऱ्या पायालाही मिळतो. स्थिर सायकल २० ते ३० मिनिटं. खुर्चीत बसून एका हाताने शॉटची ढब पक्की करा. पणजीत कांपालला आहे तशा पोहण्याच्या तलावात कमरेला पट्टा बांधून खोल पाण्यात धावणं उत्तम, कारण तळाला पाय लागत नाहीत. समुद्र मात्र नको. पावसाळ्यात लाल बावटे उगाच लावलेले नसतात, आणि ओढ नसली तरी लाट पायाखालची वाळू कधी काढून नेईल याचा भरवसा नाही.

गाडीचंही बघा. डावा घोटा दुखावला असेल आणि गाडी गियरची असेल तर गियर वर घेताना पावलाच्या वरच्या बाजूने उचलावं लागतं, सिग्नलला पाय टेकतो तो खड्ड्यात किंवा ओल्या चिऱ्यावर. तीन आठवडे मागे बसा.

पोटरी

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खरं काम सुरू होतं, आणि बहुतेक जण इथे कंटाळतात. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून एका पायावर टाच उचला: वर एक सेकंद, वर थांबून एक सेकंद, खाली तीन सेकंद. १२ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. सलग दोन वेळा १२ सहज जमले तर सॅकमध्ये ५ किलो भरा, मग १०. गुडघा वाकवून बसूनही तेवढंच करा, कारण पोटरीचा आतला स्नायू गुडघा वाकल्यावरच जास्त काम करतो आणि धावण्या-उतरण्याचा बराच भार तोच घेतो. पायरी कोरडी हवी. अंगणाच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर ऑगस्टात हिरवी साय असते, त्यावर व्यायाम म्हणजे दुसऱ्या घोट्याला आमंत्रण.

धावायला सुरुवात करण्याआधी तीन गोष्टी जमायला हव्यात: एका पायावर सलग २० टाचा, दुसऱ्या पायाइतक्याच उंच, भिंतीच्या चाचणीत फरक २ सेंटीमीटरच्या आत, आणि एका पायावर जागच्या जागी १० उड्या न दुखता. मग एक मिनिट धाव, एक मिनिट चाल, १० वेळा, एक दिवसाआड.

पायाचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. व्यायाम करताना १० पैकी २-३ इतकं दुखलं तर चालेल, पण सकाळपर्यंत ते जायला हवं. सूजही मोजा. टेप घोट्याच्या पुढून, बाहेरच्या हाडाच्या आतल्या बाजूने सुरू करून कमानीच्या आतल्या कडेला न्या, तळव्याखालून करंगळीच्या बाजूच्या उंचवट्यावर आणा, पावलावरून तिरकी आतल्या घोट्याखाली न्या, टाचेच्या शिरेला वळसा घालून बाहेरच्या घोट्याखालून सुरुवातीच्या जागी आणा. आठाचा आकडा होतो. कालच्यापेक्षा १ सेंटीमीटर वाढला असेल तर आज धावणं नाही, आणि पुढच्या वेळी दोन फेऱ्या कमी.

धावायचं कुठे? मिरामारची वाळू समोर दिसते, मोह होतो. कोरड्या वाळूत पाऊल प्रत्येक वेळी वेगळं बसतं आणि टाच रुतल्याने पोटरीवर ताण येतो. पाण्याजवळची ओली वाळू टणक असते, पण ती समुद्राकडे उतरती. एकाच दिशेने धावलात तर एक घोटा सतत आत कलतो, नेमका जिकडे मुरगळला त्या दिशेने. वाळू नवव्या आठवड्यानंतर, चालण्यापुरती. उघड्या सिमेंटच्या कोर्टवर जूनपासूनच शेवाळ धरतं. वरून वाळलेलं दिसलं तरी सावलीच्या कोपऱ्यात बूट सरकतो. ट्रेडमिल, नाहीतर छप्पर असलेला कोर्ट: ताळगाव, पेडे किंवा नावेली. तिथेही पावसाळी हवेत लाकडाला घाम फुटतो. आत गेल्यावर आधी हाताने जमीन चाचपा, ओलसर लागली तर फक्त शूटिंग. बुटाचे तळवे ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा. धुळीची साय बसलेला तळवा चांगल्या लाकडावरही घसरतो.

उतरणं

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे, कारण दुखापत इथेच झाली होती.

३० सेंटीमीटरच्या खोक्यावरून दोन पायांवर उतरा. चवडा आधी, मग टाच, गुडघे दुसऱ्या बोटाच्या रेषेत, दोन सेकंद स्थिर. पाच वेळा, तीन फेऱ्या. शेजारी उभ्या माणसाला आवाज ऐकू द्या. धप्प आवाज आला तर घोटा वाकत नाही आणि भार हाडावर जातोय. एका पायावरचं उतरणं त्यानंतर, खोकं १५ सेंटीमीटरचं. मग बाजूला उडी आणि शेवटी उडीत पाव वळून उतरणं. पहिल्या सत्रात जमिनीला एकूण ४० वेळा पाय लागू द्या, पुढे प्रत्येक सत्रात १० वाढवा, दोन सत्रांत ४८ तास ठेवा.

हे सगळं जमिनीकडे बघून छान जमतं. सामन्यात मात्र डोळे ३.०५ मीटरवरच्या कड्याकडे असतात आणि घोट्याला स्वतःच सावरावं लागतं. म्हणून सातव्या आठवड्यापासून प्रत्येक उतरण्यात डोळे वर ठेवा. जोडीदार चेंडू टाकेल, तुम्ही हवेत झेलून उतराल. नंतर तो कोणत्या बाजूला टाकेल ते आधी सांगणार नाही. त्यानंतर हवेत असतानाच उशीने बरगडीत हलका धक्का देईल. शेवटी, जमिनीवर पातळ मॅट पसरून अर्धा पाय मॅटवर, अर्धा बाहेर असं उतरा. एक-दीड सेंटीमीटरचा फरक पुरे. त्याहून जाड मॅट नको. या धक्क्यांना पाय आपोआप रुंद पडला, तर बाजूचे स्नायू वेळेवर जागे होताहेत. तळवा आत कलू लागला तर एक पायरी मागे या.

टेप की ब्रेस

घोट्याला लावायची चिकट टेप सुरेख बसते, पण घामाने अर्ध्या तासात बरीच सैल पडते, आणि गोव्याच्या दमट हवेत त्याहून लवकर. सरावाला दोरी बांधायचा ब्रेस बरा: मध्यंतरात परत ओढता येतो. दोन ब्रेस घ्या. ऑगस्टात धुतलेला ब्रेस दोन दिवस वाळत नाही, आणि ओला घातला की बोटांच्या बेचक्यांत बुरशी ठरलेली.

टेपच लावायची असेल तर पाय काटकोनात ठेवा, त्वचा कोरडी, अंडररॅपचा, म्हणजे टेपखालच्या पातळ पट्टीचा, एकच थर. ३८ मिलिमीटरची कडक टेप घ्या. एक पट्टी घोट्याच्या वर सुमारे १० सेंटीमीटरवर, दुसरी पावलाच्या मध्यावर, ही सैलच. मग आतल्या बाजूने वरून सुरू करून टाचेखालून बाहेरच्या बाजूला वर ओढत तीन पट्ट्या, प्रत्येक आधीचीला अर्धी झाकणारी. ओढ नेहमी बाहेरून वर. उलट्या दिशेने ओढली तर टेपच पाऊल आत वळवते, आणि ही चूक घाईत हमखास होते. टाचेला दोन्ही बाजूंनी एकेक वळसा, मग वरून बंद करा.

श्रावणातलं प्रथिन

९० किलोच्या खेळाडूला या काळात दिवसाला साधारण १४५ ते १८० ग्रॅम प्रथिनं लागतात. एरवी बांगडे आणि तारले अर्धं काम करतात. १०० ग्रॅम बांगड्यात १९ ग्रॅमच्या आसपास. जुलैत ताजी मासळी महाग, आणि श्रावण पाळणाऱ्या घरात ती महिनाभर येतच नाही, अंडीही बंद. पोट पेज-भाताने भरतं आणि पोटरी आहे तिथेच राहते. शाकाहारी दिवस असा बसवता येतो: सकाळी अर्धा लिटर दूध आणि व्हेचा (दुधापासून काढलेल्या प्रथिनाच्या पावडरीचा) एक स्कूप, ४० ग्रॅम, दुपारी अळसांद्याच्या तोणाकाच्या (चवळीसारख्या कडधान्याच्या रश्शाच्या) दोन वाट्या आणि १०० ग्रॅम पनीर, ३६, संध्याकाळी वाटीभर दही आणि पुन्हा व्हे, ३१, रात्री मुगागाठीच्या (मुगाच्या उसळीच्या) दोन वाट्या आणि पनीर, ३६. जेमतेम १४३ होतात. व्हे फक्त बॅचनिहाय डोपिंग-तपासणी झालेलं घ्या; भेसळीचा दोष शेवटी खेळाडूच्याच माथी येतो.

चवथीला गावच्या घरी दोन-तीन दिवस सुटतात. सुटू दे, पण टाचा उचलणं आरतीला उभं असतानाही होतं. मांडी घालून तासन्‌तास बसलात तर बाहेरचं लिगामेंट ताणलेलंच राहतं. पाटाऐवजी खुर्ची मागा.

कोर्ट, मग शिबिर

आठव्या आठवड्यात बाजूला सरकणं, क्लोजआउट (चेंडू असलेल्या खेळाडूकडे धावत जाऊन समोर थांबणं), थांबून दिशा बदलणं. आधी निम्म्या वेगाने, मग पूर्ण. एकास एक, मग दोनास दोन, तीनास तीन. पाचास पाच नवव्या आठवड्यात, चार मिनिटांचे तीन तुकडे. त्याआधी चाचण्या: एका पायावर लांब उडी, ३० सेंटीमीटर अंतरावरच्या दोन पट्ट्यांवरून ३० सेकंद बाजूला उड्या, आणि एका पायावर उभं राहून दुसरा पाय पुढे जमेल तितका लांब नेणं. उड्यांत दुसऱ्या पायाच्या ९० टक्के, शेवटच्यात फरक ४ सेंटीमीटरपेक्षा कमी. एक मेख आहे: बसून बसून चांगला पायही उतरलेला असतो, त्यामुळे ९० टक्के स्वस्तात मिळतात. दुखापतीआधीचे जुने आकडे असतील तर त्यांच्याशीच तुलना करा.

भार मोजायला साधी पद्धत: सत्राची मिनिटं गुणिले किती जड वाटलं त्याचा दहापैकी आकडा. ४० मिनिटं, ५ जड, म्हणजे २००. सहाव्या आठवड्यात एकूण १२००, मग १७००, २३००, २९००, दहाव्यात ३४००. आता शिबिराचा हिशेब: दिवसाला दीड तासाची दोन सत्रं, ७ जड, पाच दिवस, म्हणजे ६३००. एका आठवड्यात जवळपास दुप्पट. सगळी मेहनत बहुतेक वेळा इथे वाया जाते. म्हणून सप्टेंबरच्या मध्यालाच ही वही घेऊन कोचशी बोला: पहिल्या आठवड्यात दुसऱ्या सत्रात फक्त शूटिंग, म्हणजे एकूण ४००० च्या आसपास. कोच नाखूश होईल. आकडे समोर ठेवले तर सहसा ऐकतो. ‘बरं वाटतंय, पण जपतोय’ म्हटलं तर ऐकत नाही.

ब्रेस हंगामभर प्रत्येक सरावाला आणि सामन्याला. एका पायावरचा तोल, डोळे वर ठेवून, आठवड्यातून तीन वेळा १० मिनिटं, वॉर्मअपमध्येच उरका. सहा आठवड्यांनंतरही सांध्यात खोलवर दुखत असेल, अडकल्यासारखं होत असेल किंवा सपाट जमिनीवर पाऊल दगा देत असेल, तर एमआरआय करून घ्या. आतल्या कूर्चेला इजा असेल तर ती साध्या एक्स-रेत सुटू शकते.